हुरड्याच्या गाडीचा डावा बैल

मी बैल बोलतोय. खिलारी जातीचा, नाव गुलब्या. पांढऱ्या अंगावर जराशी गुलाबी झाक आहे म्हणून लहानपणी कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. बैलाला बोलायला कुणी सांगत नाही. बैलानं ऐकायचं असतं, आणि मी जन्मभर ऐकतच आलोय. पण गेल्या पौषात आरगावच्या मिरवणुकीत जे घडलं, ते जो तो आपल्या परीनं सांगतो. कुणी म्हणतं, बैल बिथरला. कुणी म्हणतं, बैल लय शहाणा. दोन्ही अर्धंच खरं. जू माझ्या मानेवर होतं, तेव्हा मीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म माणदेशातला. तिकडं पाऊस चुकून येतो आणि गवत दगडाआडून डोकावतं. आईच्या मागं चालायला शिकलो तो खडकावरच, त्यामुळं खूर टणक झाले. काळीज मात्र पहिल्यापासून मऊ. वाळकं पान उडालं तरी मी मागं सरायचो. पहिला धनी हसून म्हणायचा, "ह्ये वासरू वाऱ्याला बी भितंय."

खरसुंडीच्या बाजारात मला नानासो भेटले. बाकीची गिऱ्हाइकं येत, जबडा उघडून दात बघत, शेपूट पिळून बघत. नानासो आधी नुसतेच समोर उभे राहिले. मी त्यांना नीट बघून घेईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "भित्रं हाय, पर खोडीचं न्हाई." बैलाच्या आयुष्यात असा एखादाच माणूस येतो, जो आधी बैलाला बघू देतो.

टेम्पोत घालून त्यांनी मला आरगावला आणलं. तासगावच्या बाजूचं हे गाव. एवढं मोठं की एसटी स्टँड आहे, आणि एवढं लहान की स्टँडवर कोण उतरलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. चहूकडं द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेड. त्यांच्या मधोमध ओढ्याकाठी नानासोंची शाळू ज्वारी, हरभरा आणि थोडी हळद. गावात ट्रॅक्टर घरोघरी झाले, तरी नानासोंनी बैल सोडले नाहीत. हट्टी माणूस. आणि त्या हट्टातला मोठा हट्ट असा की कासरा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही.

घरात बायको बनाबाई. मुलगी लग्न होऊन माधवनगरला गेलेली. आमचं शेणघाण, वैरण, पाणी, आंघोळ सगळं बनाबाईंकडं. पण गाडी जुंपली की त्या मागं सरायच्या. "बाईमानसानं गोठा बघावा, जुपी बाप्यानं करावी," असं नानासो म्हणायचे.  बनाबाई त्यावर वैरण जरा जोरात टाकायच्या, एवढंच.

दावणीला माझ्याआधीपासून हरण्या होता. तांबूस, जाडजूड, कशाचीच घाई नसलेला. समोरून रेल्वे आली असती तरी त्यानं आधी तोंडातला घास संपवला असता. माझी आणि त्याची जोडी जमली ती त्यामुळंच. मी घाबरायचो, हरण्या रवंथ करायचा, आणि त्याच्याकडं बघून मला वाटायचं, फार काही झालेलं नसावं.

इथं आल्यावर दोन बेंदूर, म्हणजे बैलांचे सण, झाले आणि तिसऱ्याच्या आधीची गोष्ट. बांधाच्या वळणावर बाभळीची फांदी माझ्या डाव्या डोळ्यात बसली. दुखणं काय असतं ते तेव्हा कळलं. जनावरांचे डॉक्टर आले, औषध देऊन गेले. रोज सकाळ-संध्याकाळ बनाबाई यायच्या. डोळ्याखाली तळहात टेकवायच्या, गाल वर धरायच्या आणि थेंब सोडायच्या. मी मान झटकायचो. त्या रागवायच्या नाहीत. डोळ्याची आग थांबली, पण त्यात पांढरं फूल पडलं ते पडलंच. डाव्या अंगाचं सगळं जग माझ्यासाठी मिटलं.

तेव्हापासून नानासोंनी माझी बाजू बदलली. आधी मी डावीकडं चालायचो, आता मला उजवीकडं जुंपायला लागले. त्यामुळं माझ्या मिटलेल्या बाजूला नेहमी हरण्या असायचा. त्याचं पोट माझ्या पोटाला घासायचं, त्याचा श्वास ऐकू यायचा. डोळ्याची जागा हरण्यानं भरून काढली म्हणा ना.

पण एक वाईट गोष्ट माझ्या अंगी आली. डावीकडून न बोलता काही अंगाला लागलं की माझं शिंग माझ्याआधी हलतं. मी ठरवून हलवत नाही. एकदा बादली उडाली, एकदा बनाबाईंचा पदर फाटला. म्हणून घरचा नियमच झाला की गुलब्याकडं डावीकडून यायचं तर बोलत यायचं.

असं सगळं नीट चाललं असताना ती मिरवणूक आली.

आरगावात दरवर्षी पौषात शिवार मिरवणूक निघते. आपल्या मातीत काय पिकतं आणि आपल्या चुलीवर काय शिजतं, ते गावानं मिरवायचं. हळदीची रास, गुळाच्या ढेपा, द्राक्षांच्या कमानी, भाकऱ्यांची चळत, सगळं सजवलेल्या ट्रॉल्यांवर. पुढं हलगी आणि लेझीम. गोठ्यातून ओढ्यापलीकडचा आवाज ऐकू यायचा तेवढीच माझी तिची ओळख. तो आवाजही मला पुरे व्हायचा.

एका दुपारी समीक्षा आली. शेजारच्या आळीतली सून, बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष. चालताना बोलते आणि बोलताना चालते, अशी बाई. गोठ्याशी उभी राहून म्हणाली, "नाना, औंदा मिरवणुकीत नुसतं ट्रॅक्टर नकोत. बैलगाडी पाहिजे. आम्ही बायका गाडीत बसून हुरडा भाजणार आणि लोकांना पानावर घालून देणार. गरमागरम!"

नानासोंनी कपाळाला हात लावला. "गाडीत इस्तू? आन् खाली कडबा? बैलांच्या शेपटाला आग लावतीस व्हय गं?"

"मातीनं लिंपलेलं घमेलं ठेवू. शेजारी ताकाचा भरलेला कॅन असणार. काय होत न्हाई नाना."

माणसं 'काय होत नाही' म्हणतात तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती वाटते. नानासोही नाहीच म्हणणार होते. पण बनाबाई आतून बाहेर आल्या. हातातली पाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आवं, हुरडा भाजायला मला बोलवलंय त्यास्नी. मी कवा म्हनले न्हाई तुमाला, आमुक करा म्हनून. ह्ये एवढं करा."

नानासोंनी माझ्या पाठीवरची माशी उडवली. मग म्हणाले, "बरं."

त्या एका 'बरं'नं आमच्या घरात दिवाळी आली. बनाबाई शेतात जाऊन कोवळी कणसं निवडायला लागल्या. शेंगदाण्याची चटणी कुटली. संध्याकाळी गटातल्या बायका येऊन अंगणात लुगड्यांचे रंग ठरवायच्या. नानासो आम्हाला बाजारच्या दिवशी मुद्दाम गावातून फिरवून आणायचे, गोंगाटाची सवय व्हावी म्हणून. मी हरण्याला चिकटून चालायचो. घाम फुटायचा, पण चालायचो.

मिरवणुकीच्या दिवशी सकाळी हरण्या उठला आणि पुढचा डावा पाय त्यानं टेकवलाच नाही.

खुरात खडा रुतून आत सूज आली होती. नानासोंनी खडा काढला, कढत पाण्यानं शेकलं. हरण्या तीन पायांवर उभा राहून रवंथ करत होता. त्याला कसलीच काळजी नव्हती. त्याच्या वाटणीची मीच करत होतो.

"झालं," नानासो म्हणाले. "सांगून टाक समीक्षाला. गाडी येत न्हाई."

 कणसांची पोती दाराशी बांधून ठेवलेली होती. बनाबाई त्या पोत्यांशेजारी जाऊन बसल्या. नानासोंनी एकदा तिकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग चपला पायात सरकवून ते बांधावरून मोहिद्दीनच्या वस्तीवर गेले.

मोहिद्दीन म्हणजे नानासोंचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघांच्या विहिरीचं पाणी एकच. त्याचा भाऊ फौजेत होता, म्हणून त्यानं आपल्या बैलाचं नाव ठेवलेलं सुभेदार. नाव शोभायचं. मान ताठ, नजर समोर, कुणाशी बोलणं नाही. तासाभरात मोहिद्दीन त्याला घेऊन आमच्या दारात उभा राहिला.

"पर एक अडचन हाय नाना," मोहिद्दीन म्हणाला. "सुभेदार उजवीकडंच चालतोय. डावीकडं घातला की खाली बसतोय. मग त्येला उठवायला पलटन लागंल."

ते ऐकून माझे कान उभे राहिले. सुभेदार उजवीकडं म्हणजे मी डावीकडं. म्हणजे माझा मिटलेला डोळा बाहेर, रस्त्याकडं, गर्दीकडं.

नानासोंनाही ते लगेच कळलं. "न्हाई जमायचं गड्या. आंधळी बाजू भाईर ठिवून गर्दीत? एखादं पोरगं आलं शिंगाला हात लावायला तर?"

"मग तू चल की त्याच्या डाव्या अंगानं," मोहिद्दीन म्हणाला. "गाडीवर बसूच नगंस. मी माज्या बैलाबरुबर चालतो, तू तुज्या. चौक, उतार, पूल. किती लांब हाय?"

नानासो माझ्या डावीकडं आले. "मी हाय रं गुलब्या," म्हणाले आणि मानेवर हात ठेवला. हात ओला होता. घाम माझा की त्यांचा, ते कळलं नाही. "मी डावीकडनं हलनार न्हाई," ते बनाबाईंना म्हणाले. बनाबाई उठल्या, तोंड धुतलं आणि हिरवं लुगडं नेसून आल्या.

आम्हाला सजवलं. शिंगांना शेंदरी रंग, टोकांना पितळी शेंब्या, कपाळाला बाशिंग, अंगावर आरशांची झूल. घुंगरमाळेनं मला बाजूचं काही ऐकू येईना. माणसं ज्याच्यावर प्रेम करतात त्याला आधी सजवतात आणि मग गोंगाटात नेतात. ह्याचं कारण मला अजून कळलेलं नाही.

गाडीत कडबा अंथरला. त्यावर पत्रा, पत्र्यावर मातीनं लिंपलेलं घमेलं, त्यात गोवऱ्यांचा इस्तव. एका बाजूला बनाबाई, दुसऱ्या बाजूला समीक्षा, मागं गटातल्या दोघीजणी. आणि कडब्याच्या ढिगावर, डोक्यावर इवलीशी पाटी घेतलेली समीक्षाची चिमुरडी अपूर्वा, शेतकरीण झालेली.

निघालो. आमच्या पुढं बेदाण्याची ट्रॉली, मागं गुळाच्या काहिलीचा ट्रॅक्टर. सुभेदाराचं पोट माझ्या पोटाला लागत नव्हतं. तो आपली जागा सोडून इंचभर इकडं येत नव्हता. उजव्या डोळ्यानं मला त्याचं शिंग, मोहिद्दीनची टोपी आणि पलीकडची माणसं दिसत होती. डावीकडं होता फक्त नानासोंचा हात. त्या हातावर मी चालत होतो.

आणि खरं सांगतो, सुरुवातीला बरं चाललं होतं. हुरड्याचा वास सुटला तशी माणसं गाडीमागं धावू लागली. बनाबाई तळहातावर कणसं चोळायच्या, फुंकर मारायच्या, पानावर ओंजळ घालायच्या, वर चटणी आणि गुळाचा खडा. "घ्या, घ्या, गरम हाय," म्हणायच्या. मी त्यांचा असा आवाज आधी कधी ऐकला नव्हता. गोठ्यात त्या हळू बोलतात. इथं अख्ख्या रस्त्याला ऐकू जात होत्या. नानासोंनी मागं वळून बघितलं आणि त्यांचा हात माझ्या मानेवर जरा सैल झाला. हसत असावेत.

चौकात मंडप होता. तिथून पुढं रस्ता ओढ्याच्या पुलाकडं एकदम उतरतो. मंडपापाशी सगळ्या गाड्या थांबवून सत्कार चालले होते. माईकवर साईराज होता. मिरवणुकीच्या कमिटीतला तरणा गडी, आवाज असा की स्पीकरची गरज नाही.

"आणि आता, आपल्या आरगावची शान राखणारे, बैलजोडीचे मालक नानासो! नानासो, मंचावर या!"

नानासोंनी हात हलवून नको म्हटलं.

"लाजू नका नाना! एवढी बैलं सांभाळली, फेटा तर बांधून घ्या!"

लोक टाळ्या वाजवू लागले. दोघा-तिघांनी नानासोंचा दंड धरला. मोहिद्दीन पलीकडून म्हणाला, "जा की नाना. मी हाय हितं. फेटा बांधून ये पटकन."

मी त्यांना दोष देत नाही. आयुष्यात त्यांचं नाव कुणी माईकवर घेतलं नव्हतं. ग्रामपंचायतीच्या नोटिशीवर सोडलं तर ते कुठं लिहिलेलंही नसेल. ते माझ्या कानाशी वाकले. "आलोच," म्हणाले. आणि हात निघाला.

हात होता तेवढ्या जागेला थंडी लागली.

आता डावीकडं काहीच नव्हतं. म्हणजे होतं सगळंच, पण मला काही नव्हतं. चपलांचा आवाज, हसणं, कुणाचं तरी "मागं सर की, फोटूत बैल येईना". कुणीतरी माझ्या शिंगाच्या गोंड्याला झटका दिला. मान आपोआप वळायला लागली. मी ती दाबून धरली.  मागं हुरड्याचा धूर, पुढं उतार. मोहिद्दीन सुभेदाराची वेसण धरून माझ्याशी बोलत होता, पण तो त्या बाजूला होता. मला भीती ह्या बाजूची होती.

मंचावर नानासोंच्या डोक्याला फेटा बसला, गळ्यात हार पडला, आणि त्याच क्षणी माझ्या डाव्या कानाशेजारी काहीतरी फुटलं.

सत्कारासाठी कमिटीनं आणलेली, रंगीत कागद उडवायची नळी होती ती. पेपर ब्लास्ट म्हणतात म्हणे. मला काय माहीत! मला वाटलं, आभाळच कानात शिरलं. मी उजवीकडं उसळलो. माझ्या धक्क्यानं सुभेदार सरकला. मोहिद्दीन पुढच्या ट्रॉलीच्या फळीवर आपटला, पण वेसण त्यानं सोडली नाही. गाडी तिरकी झाली. एक चाक दुकानाच्या पायरीवर चढलं. मागं पत्रा खडखडला, बायका ओरडल्या, आणि माझ्या मागच्या पायांना धग लागली.

घमेलं उलटलं होतं. इस्तव कडब्यात सांडला होता.

"अपूर्वा!" समीक्षाची किंकाळी मी कधी विसरणार नाही. तिनं हातानंच निखारे लोटत पोरीला उचललं आणि खालच्या माणसाच्या अंगावर जवळजवळ फेकलं. त्यानं झेललं. पण बायका अजून वरच होत्या. कडबा पेटत होता. धूर माझ्या नाकापर्यंत आला.

माझ्या अंगातला थेंब न् थेंब म्हणत होता, पळ. पुढच्या ट्रॉलीच्या बाजूनं मोकळा उतार होता. पळालो असतो तर गाडी आम्हाला ढकलत पुलापर्यंत नेली असती, आणि वाटेत लेझीमची पोरं उभी होती. हे मला तेव्हा कळत होतं असं नाही. तेव्हा मला फक्त पळायचं होतं. मी पुढचे पाय रोवले, मान खाली घातली.

"गुलब्या! मी हाय. बना हाय. ही बघ आले, तुज्या डाव्या अंगाला आले."

आवाज धुरातून येत होता. गाडीवरून उतरून, चाकाला वळसा घालून, बोलत बोलत. एक पाऊल आणि एक शब्द, असं. मला दिसत नव्हत्या, पण त्या कुठवर आल्यात ते कळत होतं. मग डोळ्याखाली तळहात टेकला. राख आणि कोवळ्या ज्वारीचा वास. त्यांनी माझा गाल वर उचलला, औषध घालताना उचलायच्या तसा.

"हलू नगंस रं लेकरा. तू हललास तर वरच्या तिघी पडतील. हलू नगंस."

शेपटीचा गोंडा करपला, त्याचा वास आला. मांडीला चटका बसला. बनाबाईंचा हात थरथरत नव्हता. मी उभा राहिलो. शहाणपणानं नव्हे. त्या हाताखालून निघून जायचं मला जमलं नाही.

मागं समीक्षा आणि गटातल्या दोघींनी ताकाचा कॅन उचलला आणि अख्खाच्या अख्खा कडब्यावर ओतला. फस्स करून आवाज झाला. पांढरा धूर, आणि चौकभर फोडणीच्या कढीसारखा वास. उरलेल्या ठिणग्या लोकांनी पोत्यांनी झोडल्या. जे मघापासून मोबाइल धरून उभे होते, त्यांतल्याही काहींना तेव्हा हात असल्याची आठवण झाली.

नानासो गर्दी फोडत आले. पावलं मी ओळखली. डोक्याला फेटा, गळ्यात हार. ते थेट माझ्या वेसणीकडं हात घालणार, तेवढ्यात बनाबाई म्हणाल्या, "थांबा. आधी बोला त्याच्यासंगं."

नानासोंनी हात मागं घेतला. 

मागच्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. माईकवरून साईराज म्हणत होता, "आग विझलेली आहे, कुणी घाबरू नका, गाडी पुढं घ्या, मागं रांग लागलीय." नानासोंनी जू सोडायला हात घातला. "न्यायचीच न्हाई गाडी. बैल सोडतो आन् घरी जातो."

"सोडून जातोस कुठनं?" मोहिद्दीन लंगडत पुढं आला. त्याच्या पायाच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. "मागं ट्रॅक्टर, फुडं ट्रॅक्टर. गाडी हितं ठिवली तर समदं अडकंल. उतरून पूल गाठायचा, दुसरी वाट न्हाई."

नानासोंनी माझी वेसण धरली. त्यांचे हात इतके थरथरत होते की वेसणीतून ते माझ्या नाकात उतरलं, आणि मलाही कापरं भरलं. त्यांनी ते बघितलं. आपल्या हातांकडं बघितलं. चौकात माणसं उभी होती, ओळखीची, रोज रामराम घालणारी.

"तूच धर," ते बनाबाईंना म्हणाले.

बनाबाईंनी एकदा त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि वेसण घेतली.

गाडीतून सगळ्या उतरल्या. मोहिद्दीन सुभेदाराबरोबर, बनाबाई माझ्याबरोबर, आणि आम्ही उतार उतरू लागलो. गाडीचा भार मानेवर येईल म्हणून मी अंग आवळून चालत होतो. पण भार आला नाही. मागून कुणीतरी गाडी ओढून धरली होती. बनाबाई चालता चालता मला सांगत होत्या, "खड्डा हाय. आता सपाट हाय. उजवीकडं वळ जरा." आणि एकदा मागं बघून हळूच म्हणाल्या, "मालक हायती मागं."

फेटा बांधलेले, हार घातलेले नानासो गाडीच्या मागच्या लाकडाला लोंबकळून, टाचा डांबरात रोवून, अख्खा उतार मागं झुकून उतरले. हाराची फुलं वाटेवर गळत होती, असं मोहिद्दीननं नंतर सांगितलं.

"हुरडा कुठाय?" एकानं बाजूनं विचारलं.

"ताकात पडला!" समीक्षा म्हणाली. तिचा तळहात भाजला होता, ओल्या फडक्यात गुंडाळून ती पोरीला कडेवर घेऊन चालत होती. लोक हसले. ती पण हसली, आणि मग रडली.

घरी आल्यावर मात्र माझी काळजी संपली नाही, वाढली. नानासो दोन दिवस गोठ्याकडं फिरकले नाहीत. बनाबाईंशीही बोलणं बेताचंच. माझ्या मनात नको ते येत होतं. भाजलेला, एका डोळ्याचा, गर्दीत बिथरणारा बैल कोण ठेवतं? त्यात त्या चौकातली चित्रफीत सगळ्या मोबाइलवर फिरली. जो येई तो बनाबाईंना शाबासकी देई, आणि नानासो उठून आत जात.

तिसऱ्या दिवशी रस्त्यावरून जाताना एकानं दारातूनच आवाज दिला, "काय नाना, कासरा बायकूकडं दिला म्हनं!"

मी कान टवकारले. बनाबाई पाण्याची घागर घेऊन दारात थबकल्या.

नानासो म्हणाले, "व्हय, दिला. माझं हात थरथरत हुतं, तिचं न्हवतं. मग कुनाला देनार?"

तो माणूस निघून गेला. नानासो गोठ्यात आले, मांडीवरच्या चट्ट्याला मलम लावलं. फुंकर घालत घालत बनाबाईंना म्हणाले, "उद्या हळद काढलेल्या रानात कुळवाची पाळी घालायची हाय. हरण्याचा पाय बरा झालाय. तू जुपशील का?"

"कवा?"

"उजाडल्यावर."

"बरं," बनाबाई म्हणाल्या. वैरण मात्र त्या दिवशी त्यांनी अगदी हळू टाकली.

आता वर्ष होत आलं. समीक्षाचा हात बरा झाला. परवा ती आणि साईराज यंदाच्या मिरवणुकीचं विचारायला आले होते. साईराजनं दोनदा माफी मागितली. नानासो म्हणाले, "बैल येनार न्हाईत. आमी दोघं येऊ, शेगडी घिऊन. चौकात बसून हुरडा भाजू." साईराज म्हणाला, "आणि त्या कागदाच्या नळ्या यंदा नाहीत नाना, शब्द देतो."

मला ते ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या उजव्या डोळ्यात बॅटरी मारून बघितली आणि नानासोंशी हळू आवाजात बोलले. उन्हात मला हरण्याच्या जागी आता नुसता तांबूस ढग दिसतो. संध्याकाळी तोही नसतो. नानासो आणि बनाबाई दोघंही आता कुठल्याही बाजूनं आले तरी बोलत येतात. एकमेकांशी बोलत नसतील तेवढं माझ्याशी बोलतात.

तुम्ही कधी आमच्या बाजूला आलात, कुठल्या मिरवणुकीत, जत्रेत, बाजारात सजवलेला बैल दिसला, तर फोटो काढा, हवं तर. फक्त हात लावायच्या आधी त्याच्याशी चार शब्द बोला. त्याला कुठून काय दिसतं, तुम्हाला ठाऊक नसतं. आणि त्याच्या शिंगाला काय ठाऊक नसतं, ते तुम्हाला नंतर कळून उपयोग नाही.

आत्ता संध्याकाळ झालीय. बनाबाई ओढ्याकडं गेल्यात, नानासो स्टँडवर. हरण्या रवंथ करतोय. गोठ्याच्या दाराशी कडबा वाजला. पावलं आहेत. ओळखीची वाटत नाहीत.

डावीकडून येताय.

बोला की. कोण आहे?